आत्याच्या दोरीला दगड

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हाची माणसं स्वतःला अगदी आजकालची समजत होती. मुलांनो, ऐका. आणि मुलांच्या मागे बसून ऐकत नसल्यासारखं करणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. या गोष्टीतली चूक मोठ्यांनीच केलेली आहे.

डोंगरात एक गाव होतं. गावाच्या पूर्वेला खोल दरी होती आणि दरीपलीकडे दुसरं गाव. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे. दरीला वळसा घालून जायचं तर आठ दिवस जंगल तुडवावं लागे. म्हणून दरीवर दोरांचा एक पूल होता, साठ पावलं लांब.

हा पूल दर वर्षी नवा होत असे. पावसात दोर कुजत. पाऊस सरला की जुना पूल दरीत सोडून द्यायचा आणि नवा वळायला घ्यायचा. अंबाडीच्या काड्या पाण्यात भिजवायच्या, साल सोलायची, धुऊन वाळवून तिचा वाख काढायचा आणि वाखाचे दोर वळायचे. गावात चाळीस घरं होती, आणि प्रत्येक घराने आपल्या दारात बसून एक दोर वळायचा अशी रीत होती. सगळे ज्याच्यावरून चालणार तो पूल सगळ्यांच्या हातचा असावा, असं त्या लोकांना वाटे. मला तरी त्यात काही वावगं दिसत नाही.

दोर पारखायचं काम रायाजीकडे होतं. चावडीसमोरच्या चिंचेच्या आडव्या फांदीला तो एकेक दोर बांधायचा आणि त्याला सात काळे दगड टांगायचा. सकाळी टांगलेले दगड दुपारपर्यंत तसेच राहिले तर दोर पास. एखादा धागा जरी उसवला तरी दोर परत त्या घरी. मग बायका चिडत, पुरुष नाक मुरडत, पण रायाजी बधत नसे. आणि पूल बांधून झाला की त्याच्यावर पहिलं पाऊल रायाजीचंच पडे. पारखणाऱ्याने आधी पलीकडचा काठ गाठायचा, मगच बाकीच्यांनी पाय ठेवायचा, हीही एक रीत होती.

रायाजी असा कडक का होता, तेही सांगतो. त्याच्या आधी त्याचे वडील दोर पारखायचे. ते दगडबिगड टांगत नसत. दोर हातात घेऊन डोळे मिटायचे आणि "आतून कौल आला" म्हणायचे. अशाच एका कौलावर ते पुलावर चढले आणि दरीत गेले. तेव्हा रायाजी बारा वर्षांचा होता. त्या दिवसापासून त्याने एक गोष्ट मनाशी घट्ट धरली होती आणि ती तो कुणालाही ऐकवायचा.

"ज्याला दगड टांगता येतो, ते ज्ञान. बाकी सगळ्या गप्पा."

त्याच गावात भिवरा नावाची म्हातारी राहायची. सगळं गाव तिला आत्या म्हणे. तरुणपणी एकाच तापात आठ दिवसांत तिचा नवरा गेला आणि तान्हं मूल गेलं. ती उठली आणि दरीच्या काठावरच्या खडकावर जाऊन बसली. उडी मारायलाच गेली होती, हे ती पुढे लपवायची नाही. तीन दिवस तिथेच बसली. चौथ्या दिवशी आपली आपण घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापली.

काय झालं असं विचारलं तर ती एवढंच सांगे, "मी रडत होते. मग रडणं होतं, पण रडणारी कुठं सापडेना. जे उरलं, त्याला मरण नव्हतं बघा. यापुढचं मला सांगता येत नाही."

तेव्हापासून तिला भीती अशी उरली नव्हती. ती कुणाला उपदेश करत नसे. आजाऱ्याच्या उशाशी नुसती बसायची आणि आजाऱ्याची तडफड कमी व्हायची. लोक तिच्या पाया पडत आणि ती पाय मागे घेई.

एकदा चावडीवर तिच्यावरूनच वाद निघाला. ती समोरच ओट्यावर बसून शेंगा सोलत होती.

रायाजी म्हणाला, "आत्या माणूस सोन्यासारखी आहे. पण तिला काहीतरी कळलं, असं म्हणू नका. तिला बरं वाटलं. बरं वाटणं निराळं आणि कळणं निराळं. ताडी प्यायलेल्यालाही भीती वाटत नाही."

लोक चपापले. आत्या मात्र खळखळून हसली.

"बरोबर बोललास रे. लांबून ताडीसारखंच दिसत असणार. फक्त चाळीस वर्षं झाली, अजून उतरली नाही."

रायाजीलाही हसू आलं. "मग टांग की त्याला एखादा दगड. सगळ्यांना दिसू दे."

"माझे दगड टांगून झाले, रायाजी. तुझ्यासाठी तुझाच दगड लागेल." आणि ती पुन्हा शेंगा सोलायला लागली.

आता ती चूक. पुलाच्या दोन्ही कडांचे मोठे दोर काठावरच्या खुंटांना बांधत. उजवीकडच्या खुंटाला जो बंध बसे, तो सगळ्यांत महत्त्वाचा. पुलाचा निम्मा भार त्याच्यावर. गावाने ठरवलं, हा मान आत्याचा. तिच्या हातची दोरी तिथे बांधायची. आणि पाटलांनी वर आणखी एक ठरवलं.

"आत्याच्या दोरीला दगड टांगायचा नाही. देवमाणसाच्या हातची वस्तू पारखायची म्हणजे पाप आहे."

रायाजी तावातावाने भांडला. "पाटील, दोरी दोरीच असते, कुणीही वळो."

"तू तुझ्या एकोणचाळीस दोऱ्या बघ," पाटील म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय मिटला.

गंमत अशी, की हे कुणी आत्याला सांगितलंच नाही. आपली दोरीही चारचौघांच्या दोरीसारखी फांदीला लटकत असेल, असं ती समजत होती. रायाजीनेही तिला सांगितलं नाही. तिला भेटून दोन शब्द बोलला असता तर काम झालं असतं. पण त्याला वाटलं, ही डोळे मिटून बसणारी बाई, हिला माझं म्हणणं काय कळणार? तो कुरकुरत राहिला आणि दर वर्षी त्या न पारखलेल्या बंधावर पहिलं पाऊल टाकत राहिला. सात वर्षं निभावलं.

आठव्या वर्षी रायाजीची लेक येसू पलीकडच्या गावात गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून सातवा महिना लागताच रायाजी आणि त्याचा धाकटा भाऊ सोनजी तिला आणायला निघाले. रायाजी पुढे, सोनजी मागे. येसूसाठी घेतलेली लाडवांची बुट्टी सोनजीच्या डोक्यावर होती. पुलाच्या मध्यावर ते पोचले आणि मागे काहीतरी चिरकन वाजलं. उजवा बंध तुटला. पूल एका अंगावर कलंडला. रायाजीच्या हाताला डावा दोर लागला. सोनजीच्या हाताला काहीच लागलं नाही.

लोकांनी रायाजीला ओढून काढलं. तो काठावर पडून राहिला.

आत्या काठी टेकत आली. खुंटाला लोंबणारा बंधाचा तुकडा तिने हातात घेतला, चोळून पाहिला. स्वतःच्या हातचा पीळ तिने लगेच ओळखला.

"याने किती दगड पेलले होते?" तिने विचारलं.

रायाजीनेच सांगितलं. "एकही नाही."

"का?"

पाटलांनी खाली मान घालून कारण सांगितलं. आणि ज्या बाईला रागावलेलं गावाने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं, ती बाई त्या दिवशी रागावली.

"मी जे पाहिलं ते पाहिलं! पण ते माझ्या बोटांत उतरलेलं नाही, पाटील! बोटं सत्तर वर्षांची आहेत, थरथरतात, पीळ सैल बसतो. मला विचारलं असतं तर सांगितलं नसतं का? तुम्ही माझ्या पाया पडलात आणि याचा भाऊ मारलात." मग ती रायाजीकडे वळली. "आणि तू! तुला तर ठाऊक होतं. तू माझ्या दारात का नाही आलास?"

आत्या त्याच्याशेजारी खाली बसली आणि सोनजीसाठी मोठ्याने रडली. निर्भय माणसाला रडू येत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नव्या पुलाला दोन महिने लागणार होते. गावात सुईण एकच, आसपासच्या चार गावांना तीच. तिला आठ दिवस जंगलातून पाठवून पलीकडे अडकवून ठेवणं शक्य नव्हतं. आणि येसूचे दिवस भरायच्या आत पूल उभा राहील, असा हिशोब सगळ्यांनी केला होता. येसूच्या सासरच्यांनी पलीकडून ओरडून सांगितलं, "कळा सुरू झाल्या तर आंब्याला पिवळं लुगडं बांधू."

या वेळी चाळीसही दोऱ्यांना दगड लागले. आत्या स्वतः चिंचेखाली येऊन बसली. तिची दोरी तिसऱ्या दगडाला उसवली. "बघा तुमची देवाची दोरी," ती म्हणाली आणि उरलेला वाख शेजारच्या सुनेच्या ओटीत टाकून मोकळी झाली. त्या सुनेच्या दोरीने सातच्या ठिकाणी दहा दगड पेलले. उजव्या खुंटाला तीच बांधली.

पूल वेळेत उभा राहिला. आता फक्त रायाजीने पलीकडे जायचं होतं.

पहिल्या दिवशी तो पुलाच्या तोंडाशी गेला, खुंटाला हात लावला आणि परत आला. म्हणाला, "बंध आणखी एकदा पारखतो." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वारा आहे." तिसऱ्या दिवशी पुन्हा बंध सोडून दगड टांगले. पाचव्या दिवशी, सातव्या दिवशी तेच. लोक कुजबुजायला लागले. ज्याने दगड टांगले तोच घाबरतो आहे, म्हणजे दोरातच काही खोट असणार. कुणी पुलाकडे फिरकेना. रायाजीच्या पारखण्यावरचा विश्वास हळूहळू उडाला, आणि तोही त्याच्याच पायांनी उडवला.

नवव्या दिवशी सकाळी पलीकडच्या आंब्याला पिवळं लुगडं दिसलं. दिवस अजून भरायचे होते, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. आंब्याखालून कुणीतरी जीव तोडून हाका मारत होतं.

सुईण आपलं गाठोडं घेऊन धावत आली. सगळं गाव काठावर जमलं. रायाजी पुलाच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याचे गुडघे लटलट कापायला लागले. एकही पाय उचलेना.

"रायाजी, जा ना!" सुईण ओरडली. "पोरीचा जीव जाईल!"

"पाय ऐकत नाहीत गं." त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "दोर पक्का आहे. मला ठाऊक आहे दोर पक्का आहे. चाळीस माणसं पेलेल. पण पाय ऐकत नाहीत."

आत्या गर्दीतून पुढे आली. रायाजी तिला म्हणाला, "आत्या, तुला भीती नाही. तू जा पुढे. तू गेलीस तर सुईणही येईल."

"मी जाईन रे. पण मी काय, कुजक्या दोरावरूनही गेले असते. माझ्या जाण्याने दोराबद्दल कुणाला काय कळणार? दोराची साक्ष तूच द्यायची. बस खाली."

"आत्या, वेळ नाही—"

"बस म्हणते ना!"

तो खुंटाला टेकून बसला. ती त्याच्यासमोर बसली.

"तू दोर पारखतोस तेव्हा काय करतोस? दगड टांगतोस आणि बघत बसतोस. मध्ये हात घालतोस का?"

"नाही."

"मग आज भीतीला पारख. तिला ढकलू नकोस. कुठं आहे ती, सांग."

रायाजीने डोळे मिटले. "पोटात."

"आणि?"

"वर चढते आहे. छातीत. आता गुडघ्यात. आत्या, सोनजीचा हात दिसतो आहे. मला तो धरता आला नाही."

"दिसू दे. बघत राहा. दगड टांगलेलाच आहे, तू काढू नकोस."

रायाजीच्या तोंडून हुंदका आला, मग दुसरा. पलीकडून पुन्हा हाक आली. थोड्या वेळाने तो हळू आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाला, "कापताहेत ते गुडघे. पण हे जे बघतं आहे, ते कापत नाही."

"ऊठ आता," आत्या म्हणाली.

तो उठला. भीती गेली नव्हती. गुडघे अजून थरथरत होते आणि तो तसाच पुलावर चढला. दहा पावलं, वीस पावलं. मध्यावर, जिथे सोनजी गेला होता नेमका तिथे, तो थांबला. पूल झुलत होता. काठावर बायकांनी तोंडाला पदर लावले. रायाजीने खाली दरीत पाहिलं. नीट, पुरेसा वेळ पाहिलं. मग नजर उचलून तो चालू लागला आणि पलीकडच्या काठावर उतरला.

त्याच्या मागोमाग सुईण धावत सुटली. एवढ्या जाड बाईला एवढं पळता येतं हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं. मूल आडवं आलं होतं. सूर्य डोक्यावर यायच्या आत सुईणीने ते सुखरूप बाहेर काढलं. मुलगा झाला. येसू वाचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती, असं सुईण पुढे कितीतरी वर्षं सांगत असे.

महिन्याभराने रायाजी चावडीवर उभा राहिला.

"मी म्हणत होतो, ज्याला दगड टांगता येतो ते ज्ञान. आजही तेच म्हणतो," तो म्हणाला. "आत्या म्हणाली होती, तुझ्यासाठी तुझाच दगड लागेल. त्या सकाळी तिच्या सांगण्याला मी माझ्या भावाच्या मरणाचा दगड टांगला. याहून जड दगड माझ्याजवळ नाही. ते तुटलं नाही."

मग पाटलांना भरून आलं. ते हात जोडून उठले. "म्हणजे आत्याचं खरं ठरलं! मग पुढच्या वर्षीपासून तिच्या दोरीला—"

"दगड टांगायचा!" आत्या आणि रायाजी एकदमच ओरडले. सगळे हसले, आणि पाटीलही ओशाळून हसले.

"पाटील," आत्या म्हणाली, "त्या खडकावर मला दोराबद्दल काही कळलं नाही. पाऊस कधी पडेल, कुणाचं लग्न कधी ठरेल, हेही कळलं नाही. जे कळलं ते एवढंच, की माणूस ज्याला भितो त्याच्याहून आत काहीतरी आहे. ते मी सांगते म्हणून धरू नका. स्वतः बसून बघा. नाही सापडलं तर येऊन सांगा, मी ऐकून घेईन."

रायाजी म्हणाला, "हे तर माझंच बोलणं झालं."

"मग तेव्हाच माझ्या दारात यायचं होतंस," ती म्हणाली. हे मात्र ती हसून म्हणाली नाही. रायाजीने मान खाली घातली. सोनजी काही परत येणार नव्हता.

त्या गावात पुढे एक नवी रीत पडली. पूल उभा राहिला की पारखणारा आधी सगळ्यांसमोर चाळीसही दोऱ्यांची नावं घेऊन सांगे, कुणी किती दगड पेलले. मग तो खुंटाशी थोडा वेळ डोळे मिटून बसे. ज्याला बसावंसं वाटे तो त्याच्याजवळ बसे, ज्याला वाटत नसे तो उभा राही. कुणी कुणाला नावं ठेवत नसे. मग तो चालू लागे. त्यानंतर तो पूल कधी माणसासकट तुटल्याचं ऐकिवात नाही.

तात्पर्य: दोराचं ज्ञान दगड टांगून मिळतं आणि मनाचं ज्ञान आत बसून मिळतं, दोन्ही ज्ञानंच आहेत, पण एकाची साक्ष दुसऱ्यासाठी काढू नये, आणि न पारखता दोन्हींवर पाय ठेवू नये.